ज्यांनी माझं ऐकलं

लोक ऐकत नाहीत, ही आमच्या खात्याची कायमची तक्रार. बैठक तालुक्याची असो की जिल्ह्याची, चहा येण्याआधी कोणीतरी हे वाक्य म्हणतंच, आणि चहा संपेपर्यंत बाकीचे माना हलवतात. मीही पुष्कळ वर्षं हलवली. आता निवृत्तीनंतर मान मोकळी झाली आहे आणि संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'नोकरीतल्या गमती लिहा' म्हटलं आहे, तर पहिली गंमत हीच सांगतो. माझं लोकांनी ऐकलं. मन लावून ऐकलं, लक्षात ठेवलं आणि तसेच वागले. पुढे जे बिघडलं ते त्यामुळे.

मी आरोग्य सेवक होतो. डॉक्टर दवाखान्यात बसून रोग्याची वाट पाहतो. आरोग्य सेवक गावोगाव फिरून जो अजून रोगी झालेला नाही त्याला घाबरवतो. या घाबरवण्याला आरोग्य शिक्षण म्हणतात. प्रशिक्षणात आम्हाला फळ्यावर तीन चौकटी काढून दाखवल्या होत्या. ज्ञान दिलं की समज बदलते, समज बदलली की वागणूक बदलते. मध्ये बाण. सूत्र शंभर टक्के खरं आहे. वागणूक कुठल्या दिशेने बदलेल, तो बाण काढायचा तेवढा राहून गेला होता.

माझी पहिली नेमणूक गडचिरोलीत एटापल्लीकडे, हिवतापाच्या कामावर. औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटायच्या. फुकट. मी जाळी हातात ताणून धरायचो आणि आवाज चढवून सांगायचो, "बघा, किती बारीक आहे. यातून मच्छरसुद्धा जाऊ शकत नाही." लोक बोट घालून पाहायचे, पटल्यासारखं हसायचे. महिन्याभराने मी फेरीवर गेलो तर घरात एकही मच्छरदाणी नाही. सगळ्या नदीवर. एक म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा राहून माझी मच्छरदाणी ओढत होता.

मी काठावरून ओरडलो, "हे काय करता? ही मासे धरायला दिली का?"

तो शांतपणे म्हणाला, "तूच सांगितला ना भाऊ. मच्छर जात नाई. मंग झिंगा कसा जाईल?"

मी वर कळवलं, लोकांमध्ये जाणिवेचा अभाव. खरं तर जाणिवेचा अभाव नव्हता. जाळीबद्दल मी जे सांगितलं ते त्यांनी तपासून घेतलं होतं आणि अधिक उपयोगाच्या जागी लावलं होतं. मच्छरामुळे ताप येतो हे मात्र मी शेवटच्या दोन वाक्यांत सांगितलं होतं, कारण तोवर गाडी निघायची वेळ झालेली असायची.

ही झाली हसण्यासारखी गोष्ट. ती मी सेवानिवृत्तीच्या समारंभातही सांगितली होती. दुसरी सांगितली नव्हती.

पुढे माझी बदली चंद्रपूर जिल्ह्यात, धानाच्या पट्ट्यात झाली आणि माझ्याकडे सिकलसेलचं काम आलं. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग सांधे, छाती, पोट असं दुखतं की मोठा माणूसही जमिनीवर लोळतो. हा आजार हवेतून, पाण्यातून, शिवण्यातून होत नाही. फक्त आईबापांकडून येतो. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर मूल आजारी. एकाकडूनच आला तर मूल ठणठणीत, पण तो दोष पुढे नेऊ शकतं. अशा माणसाला सरकारी मराठीत 'वाहक' म्हणतात. तपासणीनंतर आजारी माणसाला लाल कार्ड, वाहकाला पिवळं, बाकीच्यांना पांढरं. दोन पिवळ्यांनी शक्यतो एकमेकांशी लग्न करू नये. बस, एवढंच सांगायचं होतं.

वरून आलेल्या पोस्टरवर मोठा विळा होता. तो पाहून काही गावांत लोक विचारायचे, "निवडणूक आली का?" ते पोस्टर काखेत घेऊन जाताना एका पोलीस चौकीवर मला बराच वेळ बसवून चहा पाजण्यात आला, आणि तो चहा आग्रहाचा नव्हता. तेव्हा पोस्टर गुंडाळून ठेवलं आणि 'वाहक' हा शब्द स्वतःच्या अकलेने समजावायचं ठरवलं.

एसटीत दारावर लिहिलेलं असतं, चालक आणि वाहक. वाहक म्हणजे कंडक्टर, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही माहीत. मग मी सभेत म्हणायचो, "वाहक म्हणजे कंडक्टर. त्याला स्वतःला कुठं जायचं नसतं. पण तिकीट तोच फाडतो." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, मागे उभे असलेले बिडीवाले पुढे सरकायचे. प्रशिक्षकांनी माझी पाठ थोपटली. इतर तालुक्यांतले सेवक माझा कंडक्टर उचलून घेऊन गेले. मला वाटलं, आपण काहीतरी केलं.

पहिली तक्रार आली ती खऱ्या कंडक्टरकडून. आमच्या तालुक्याच्या गावचे रशीदभाई. वडील शिंपी, मोठे भाऊ बांगड्यांच्या दुकानात, हे एसटीत. मी रोज त्यांच्याच गाडीने जायचो. एके दिवशी त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि पंच वाजवत म्हणाले, "भाऊ, तुमी आमाले बीमारी करून टाकले."

"काय झालं?"

"एक बाई हाये. तिकीट पदरानं घेते. हात लागू देत नाई. म्या म्हटलं, काऊन बाई? तं म्हणते, सिकलवाल्या भाऊनं सांगितलं, कंडक्टरपासून होते."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"हसून राह्यले. अजी, कंडक्टर मागितल्याशिवाय तिकीट देत नाई. तुमी तं रस्त्यावर उभं करून वाटायले लावले."

मी ही गोष्टसुद्धा पुढच्या सभेत विनोद म्हणून सांगितली. लोक आणखी हसले.

वनिता ही देवाजीची मोठी मुलगी. देवाजीकडे थोडं धान, दोन बैल. गावात फेरी असली की माझा चहा त्याच्याच ओसरीवर. वनिता चहा आणायची, धाकटी ललिता दाराआडून मला वेडावून दाखवायची. गावात शिबिर झालं तेव्हा वनिताला पिवळं कार्ड मिळालं. काही बिघडलं नव्हतं. तिच्यासारखी पिवळी कार्डं आमच्या भागात ढिगाने आहेत. मी देवाजीला तसं सांगितलं आणि दुसऱ्या गावाला गेलो.

इकडे वनिता गावाची कंडक्टर झाली. आधी पोरींनी चिडवलं, "ए कंडक्टर, एक हाफ दे." मग विहिरीवर बायका तिची बादली उचलेपर्यंत थांबू लागल्या. मैत्रिणीच्या लग्नात हळद लावायला ती पुढे झाली, तर नवरीच्या मामीने वाटी उचलून दुसरीकडे ठेवली. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. सगळ्यांनी आरोग्यविषयक काळजी घेतली. वनिताला पाहायला आलेले दोन पाहुणे पोहे खाऊन गेले आणि निरोप आला नाही. तिसरे पोहेसुद्धा न खाता गेले. त्यांना रस्त्यातच कोणीतरी सांगितलं होतं.

मी गावात पुन्हा सभा घेतली. सांगितलं, शिवण्याने होत नाही, तिकीट म्हणजे तसलं तिकीट नव्हे. एक म्हातारी म्हणाली, "मंग मागच्या टायमाले तुमी लबाड बोलले का?" पसरलेला विनोद परत गोळा करण्याची कुठलीही पद्धत खात्यात नाही.

देवाजी माझ्या घरी आला. ओसरीवर उकिडवा बसला. चहा घेतला नाही.

"भाऊ, पिवळा कार्ड पांढरा नाई होत का?"

"नाही होत, देवाजी."

"तुमच्याच हातचा हाये ना कार्ड?"

"कार्ड माझ्या हातचं. रक्त नाही."

"बरं," तो म्हणाला आणि उठला. मला वाटलं, त्याला पटलं. त्यालाही माझं म्हणणं चांगलंच पटलं होतं: कार्ड माझ्या हातचं, रक्त नाही. मग रक्ताचं त्याने बघून घेतलं.

पुढच्या हंगामात शेजारच्या गावात शिबिर लागलं. आमचा तंत्रज्ञ बोटाला टोचायचा, मी शेजारी स्पिरिटचा कापूस घेऊन उभा. रांगेतून एक मुलगी खुर्चीवर बसली. तंत्रज्ञाने नाव विचारलं. ती म्हणाली, वनिता. गावाचं नाव, बापाचं नाव, सगळं बरोबर. फक्त ती ललिता होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी वेडावून दाखवलं नाही. पलीकडे चिंचेखाली वनिता उभी होती. हातात ललिताच्या चपला.

मला एवढंच म्हणायचं होतं, "ही नव्हे, ती." तीन शब्द. जो माणूस न विचारता तासभर बोलायचा, त्याला ते सुचले नाहीत. मी ललिताच्या बोटावर कापूस दाबला.

दया आली होती असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. दया होतीच. पण त्याखाली हिशेब होता. मुलीचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावाला गेली की माझा कंडक्टरही गावातून जाईल. आणि नवरामुलगाही पिवळाच निघेल कशावरून? आमच्या भागात हा प्रश्न सिकलसेलचं काम करणाऱ्या माणसाने स्वतःला विचारावा, याला उच्च दर्जाचा अडाणीपणा लागतो.

ललिताचं रक्त निर्दोष निघालं. वनिताच्या नावावर पांढरं कार्ड आलं. लग्न ठरलं. मुलाकडूनही पांढरं कार्ड आलं होतं. साखरपुड्याला ताटात सुपारी, नारळ आणि दोन्ही कार्डं ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. 'पत्रिकेआधी कार्ड जुळवा' ही माझीच घोषणा. ती एवढ्या भक्तिभावाने अमलात आलेली मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. मी जेवलोही. मुलाच्या कार्डामागचं बोट त्याच्या चुलतभावाचं होतं, हे पुढे कळलं. त्यांच्याही गावात माझा कंडक्टर पोचला होता.

वनिताला मुलगी झाली, तनू. वर्षाच्या आतच तिच्या हातापायांचे पंजे सुजले. घरच्यांनी आधी दृष्ट काढली, मग दवाखान्यात आणलं. तपासणी झाली, लाल कार्ड आलं. नंतर आईबापांचं रक्त त्यांच्या स्वतःच्या बोटातून घेतलं, तेव्हा दोन्ही पिवळी.

दोन पांढऱ्या कार्डांच्या पोटी लाल कसं जन्मलं, असा प्रश्न बैठकीत निघाला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, अज्ञान आणि अंधश्रद्धा. लोकांनी माणसं बदलली." सगळ्यांनी माना हलवल्या. चहा आला. त्या वर्षी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, त्यात 'अंधश्रद्धेशी झुंज' असे शब्द होते. शाल चांगली होती. अजून आहे.

ते वाक्य मी इथे मागे घेतो. त्या लोकांची श्रद्धा अंध नव्हती. माझ्यावर होती.

निवृत्तीनंतर मी तालुक्याच्या गावातच राहिलो. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी वनिता, तिची सासू सखूबाई आणि तनू माझ्या घरी आल्या. तनू आता शाळेत जाते. अंगाने बारीक, डोळे पिवळसर, रोजच्या गोळ्या. दुखणं उठलं की जिल्ह्याच्या दवाखान्यात भरती. वनिताला दिवस गेले होते. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, पण ती सुरुवातीच्या ठरावीक आठवड्यांतच आणि मोठ्या शहरात जाऊन. दवाखान्यातल्या बाईंनी जायला सांगितलं होतं. सखूबाईंना ते अनावश्यक वाटत होतं. माझी सही घ्यायला आल्यासारख्या त्या माझ्याकडे आल्या होत्या.

"भाऊ, तुमीच सांगा हिले," सखूबाई म्हणाल्या. "तुमी आमच्या गावात फळ्यावर चार लेकरं काढले होते. एक लाल, दोन पिवळे, एक पांढरा. काढले होते का नाई?"

"काढले होते."

"मंग? लाल झाला. आता राह्यले तीन. तीन बी चांगले. कायले उगाच शहरात जाऊन पोटात सुई टोचाची?"

हिशेबात काही चूक नव्हती. चारातून एक गेला, तीन राहिले. चार चित्रं काढल्यावर, माझा खडू खाली ठेवण्याआधी, एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. ती अशी की प्रत्येक वेळी चारही चित्रं पुन्हा नव्याने काढायची असतात.

मी तोंड उघडलं. कुठलं तरी सोपं उदाहरण जिभेवर येऊ घातलं होतं. वनिता म्हणाली, "भाऊ, आज हसवू नका. नुसतं सांगा."

आमच्याकडे चिंच फोडायचं काम चाललं होतं, अंगणात चिंचोक्यांचा ढीग. मी एक चिंचोका दगडावर घासून दोन फाकी केल्या. सोंगट्यांचा पट खेळायला करतात तशा; एक बाजू काळी, एक पांढरी. सखूबाईंपुढे ठेवल्या.

"ही फाक तुमच्या मुलाची. ही वनिताची. दोघांजवळ एकेक काळी बाजू आहे, एकेक पांढरी. दोन्ही काळ्या पडल्या तर मूल आजारी. टाका."

सखूबाई पट खेळत म्हाताऱ्या झालेल्या. मुठीत फाकी खुळखुळवून टाकल्या. एक काळी, एक पांढरी.

"हा कंडक्टर," त्या म्हणाल्या. पुन्हा टाकल्या. दोन्ही काळ्या.

"ही तनू झाली," त्या हळूच म्हणाल्या. "आता काळे नाई पडत."

"टाका."

त्यांनी टाकल्या. पुन्हा दोन्ही काळ्या.

सखूबाईंनी फाकी उचलल्या. उलट्या करून पाहिल्या, मी काही लबाडी केली का म्हणून. तसा संशय घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

"परत कसे पडले? आत्ताच तं पडले होते."

"चिंचोक्याला मागचा डाव आठवत नाही, बाई."

त्यांनी फाकी खाली ठेवल्या. तनूला जवळ ओढून तिचे केस सारखे करत बसल्या. मग वनिताला म्हणाल्या, "कोनत्या गाडीनं जा लागते, ते इचारून ठेव."

सखूबाई आणि तनू पुढे गेल्या तेव्हा मी वनिताला थांबवलं. म्हटलं, "त्या शिबिरात खुर्चीवर ललिता होती. मी ओळखलं होतं."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "तुमी कापूस लई जोरानं दाबला होता. ललितानं घरी येऊन सांगितलं. बोट दुखत होतं तिचं."

"मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं." ती चप्पल घालत थांबली. "तुमी बोलले असते तं मी आज बी बापाच्याच घरी असती. तनू बी नसती. कोनचं बरं झालं असतं, मले सांगता येत नाई. तुमाले येते का?"

मला येत नाही. लेखाच्या शेवटापर्यंत येईल असं वाटलं होतं, तेही झालं नाही.

तपासणी झाली. बाळ वाहक होतं, आईबापांसारखंच. मुलगा झाला. बारशाला मी गेलो, रशीदभाईही आले होते. आता तेही निवृत्त. गावच्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यादेखत सखूबाईंनी नातवाला वर धरलं आणि म्हणाल्या, "आयका वो बायाहो, आमच्या घरी कंडक्टर आला हाये. पिवळा कार्ड. आम्ही लपवत नाई. याच्या लग्नाच्या टायमाले पोरीचं बोट मी सोता धरून टोचीन."

"तोवर जगशीन का वो बुढे?" मागून कोणी म्हणालं.

"नाई जगली तं तू टोच."

रशीदभाईंनी बाळाच्या मुठीत नोट दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला, आमच्या खात्यात भरती झाली." सगळे हसले. ही सभा मी घेतली नव्हती, तरी लोकांना विषय समजला होता.

तनू भिंतीला टेकून बसली होती. आदल्या आठवड्यात दुखणं येऊन गेलं होतं, गुडघ्याला गरम कापड गुंडाळलेलं. तिच्यापुढे चिंचोक्याच्या त्याच दोन फाकी होत्या. आजीने त्या दिवशी माझ्याकडून मागून नेल्या होत्या. मी तिच्याजवळ बसलो. वेळ घालवायला फाकी उचलून टाकल्या. एक काळी, एक पांढरी.

"हा भाऊ," ती म्हणाली. तिला सगळं माहीत होतं. मुलांसमोर आपण बोलतो आणि मग त्यांना कुठून कळलं म्हणून विचारतो.

मग तिने विचारलं, "आजोबा, माह्या टायमाले कोनं टाकले होते?"

या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर मला येतं. कोणी टाकत नाही, ते आपोआप पडतं, यात कोणाचा दोष नसतो. असं मी हजार लोकांना सांगितलं आहे.

"मी," मी म्हणालो आणि फाकी पुन्हा उचलल्या.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या फाकी काढून घेतल्या.

"द्या इकडे. तुमाले टाकता येत नाई."